सत्तरीपुढच्या गटात एकच तलवार

थिएर, मंगळवार

ती. लेओनीताईस,

धाकट्या गास्पारचा नमस्कार. पत्र हाती पडेल तेव्हा तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझी मांजर (या क्रमाने) ठीक असतील अशी आशा करतो. नांतला सारखा पाऊस आहे असं टीव्हीवर दाखवतात; लोकरीचे मोजे घालतेस ना? मी बरा आहे. बरा म्हणजे उजवा खांदा आणि झोप सोडून. शाळा मी लवकर सोडली हे तू जाणतेसच, तेव्हा चुका दिसल्या तर मनातल्या मनात दुरुस्त कर. मागच्यासारखं लाल पेन्सिलीने खुणा करून पत्र परत पाठवू नकोस.

झोप न लागण्याचं कारण असं, की नोव्हेंबरात आमच्या मंडळाचे सामने आहेत आणि सत्तरीपुढच्या गटात माझ्या एकट्याचंच नाव उरलं आहे. पुढल्या शुक्रवारपर्यंत दुसरं आलं नाही तर गट रद्द. पुढच्या वर्षी बघू असंही म्हणता येत नाही, कारण डिसेंबरात खांद्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर हात डोक्याच्या वर न्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. (डॉक्टर म्हणजे आपल्या त्या शिंकणाऱ्या पोस्टमनचा नातू. तोही शिंकतो.)

कसले सामने हे तुला अजून सांगितलंच नाही. हसणार असशील तर आधी हसून घे आणि मग वाच. प्रकाशाच्या तलवारींचे. खाली धातूची मूठ, वर जाड प्लास्टिकची नळी, आत दिवे. बटण दाबलं की उजळते आणि फिरवली की गोमाशीसारखी गुणगुणते. माझी युगेत वारल्यानंतर गुरुवारची संध्याकाळ मला खायला उठायची, कारण गुरुवारी आम्ही नवराबायको पत्ते खेळायचो. व्यायामशाळेतून तो गुणगुणाट ऐकू आला आणि मी फक्त डोकावलो. डोकावल्याला आता तिसरं वर्ष चालू आहे.

पहिली तलवार आपल्या बास्तियांने लियोंहून पाठवली. मुलगा प्रेमाने देतो, पण विचारून देत नाही. ती निघाली काचेच्या कपाटात ठेवायची. मुठीवर पितळी कडी, काळे पंख, खाचा, एक लाल खडा. दिसायला राजाची, धरायला किसणी. शिवाय बटण नेमकं अंगठ्याखाली. पहिल्याच लढतीत मी जोरात वार केला, अंगठा दाबला गेला आणि तलवार विझली. खेळतो आम्ही अर्ध्या अंधारात, त्यामुळे आंसेल्म शासांगला (तोच, आपल्या गल्लीच्या टोकाचा, कोबीच्या नाकाचा) मी दिसेना आणि मला तो दिसेना. आमच्या शिक्षिका मादाम कोर्तियाल, वय तीस असेल, म्हणाल्या, "गास्पारकाका, तुमची तलवार मेली. मेलेल्या तलवारीने मारता येत नाही." मी आंसेल्मची माफी मागितली. पण ती मागितली एका खांबाची.

मग लढाईची साधी तलवार घेतली. ही हलकी, बटण आत दबलेलं, पण मूठ म्हणजे गुळगुळीत नळीच. सायकलचा पंप धरून लढतोय असं वाटायचं. घाम आला की फिरायची. सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली तर जाड झाली, बोकडाचं कातडं लावलं तर वास मारायला लागलं, आणि आंसेल्म म्हणाला, "वाऱ्याच्या बाजूने उभा राहू नकोस रे, चीज विसरलास का खिशात?" तेव्हा मला दुकानात सुऱ्यांना मुठी बसवणारे बाबा आठवले. गिऱ्हाइकाला ते डोळे मिटायला सांगायचे, हातात सुरी द्यायचे आणि गप्प बसायचे. गिऱ्हाईक मुठीबद्दल बोललं, चांगलं बोललं तरी, बाबा ती परत घ्यायचे. हवापाण्याबद्दल बोलायला लागलं की म्हणायचे, झाली. दुकानाच्या पायरीवर बसून आपण दोघं ऐकायचो, आता हा काय बोलेल म्हणून. एकदा एक पाद्री आपल्या दातदुखीबद्दल बोलला आणि तू एवढी हसलीस की आईने आपल्याला नदीवर पिटाळलं. तिथे हेझलच्या काठ्यांची लढाई. तू डावखुरी, डावीकडून कधी काय येईल याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. संध्याकाळी द्युरोल नदीचं पाणी काळं व्हायचं, सुऱ्यांना धार लावणाऱ्यांच्या दगडांचा आवाज थांबायचा, आणि तू म्हणायचीस, "मेलास ना? मग ऊठ, घरी चल."

तर बाबांच्या पेटीतल्या शिंगाच्या पट्ट्या काढल्या, घासल्या, नळीवर बसवल्या. आंसेल्मला डोळे मिटायला सांगून तलवार हातात दिली. त्याने ती दोनदा फिरवली आणि म्हणाला, "यंदा माझ्या लीकच्या भाजीला कीड लागली." ताई, मी म्हणालो, झाली.

पण त्याच आंसेल्मने घात केला. आमच्या खेळात वार करण्याआधी तलवारीचं टोक पाठीमागे न्यावं लागतं, नाहीतर तो वार धरत नाहीत. नुसतं भोसकणंही धरत नाहीत. सप्टेंबरात नगरपालिकेपुढे आमचं प्रात्यक्षिक होतं. आंसेल्मने तलवार पाठीमागे नेली आणि खांदा अडकला. उजळलेली निळी तलवार पाठीमागे, डावा हात पुढे, तोंड उघडं. लोकांना वाटलं, काय रुबाब आहे. टाळ्या थांबेनात. तो तसाच पुटपुटला, "गास्पार, टाळ्या कसल्या वाजवतायत हे, माझा हात खाली घे." मला वाटलं डाव आहे, म्हणून मी त्याला मारलं. तो गुण मला मिळाला आणि त्याची बायको आता माझ्याशी बोलत नाही. तिने त्याचं नाव काढून घेतलं.

असं चाललंय. रद्द झाला गट तर होऊ दे. म्हाताऱ्याने दिव्याची नळी फिरवली काय आणि नाही फिरवली काय. मी सूप पिऊन लवकर निजत जाईन. मांजरीला कुरवाळ.

तुझा,
गास्पार

ता. क. सत्तरीपुढच्या गटात बायकांनी खेळू नये असं नियमात कुठेही नाही. मी मादाम कोर्तियालना दोनदा विचारलं. डावखुऱ्यांनाही बंदी नाही. क्लेरमाँला गाडी बदलावी लागते, तिथे मी फलाटावर उभा राहीन. गुडघ्यांचं म्हणशील तर आमच्यात कोणी पळत नाही. फक्त भोसकायचं नाही, ताई, ती तुझी जुनी सवय मोडावी लागेल.

ता. क. २. मूठ करून ठेवली आहे. तुझ्या हाताचं माप नव्हतं. युगेतच्या अंत्यविधीला तू माझा हात धरून बसली होतीस, त्या अंदाजाने केली.

ता. क. ३. ती मूठ, तलवारीसकट, या पत्राबरोबरच पार्सलने येते आहे. पातं भेट म्हणून घेतलं की बदल्यात एक नाणं द्यायचं, नाहीतर नातं कापलं जातं, हे थिएरसारख्या सुऱ्यांच्या गावच्या मुलीला मी काय सांगायचं. दिव्याचं पातं कापत नाही, पण उगाच धोका नको. नाणं पोस्टाने पाठवू नकोस, हातात आणून दे.