यादीत नसलेलं नाव

गुरुवार, ८ ऑगस्ट २०१९

लुवेनिया येतेय! डेट्रॉइटहून, त्रेसष्ट वर्षांनी. चर्चच्या 'घरी या' रविवारसाठी उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांची नावं आली, त्यात तिसरंच तिचं. शेंगा सोलता सोलता हात थांबला.

शनिवारी पाहुण्यांना मॉन्टगमेरी दाखवायचं काम माझंच. बारा वर्षं हौसेनं करतेय. आता कुठं पळू? आजारी पडावं का? पण आमच्यात आजारी पडलं की चर्चच्या सगळ्या सिस्टर्स जेवणाची भांडी घेऊन दारात हजर!

शुक्रवार, ९ ऑगस्ट

केक मध्येच बसला. दुसरा केला. तोही बसला. लक्ष कुठं होतं!

शनिवार, १० ऑगस्ट

अंग भाजून निघालं. सकाळी दहालाच पारा अठ्ठ्याण्णव फॅरनहाइटवर. अकरा पाहुणे, चर्चची व्हॅन, आणि तिचा एसी म्हणजे नुसती फुंकर. सगळ्यांच्या हातात अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे. गाडी चालवायला चर्चचे कारभारी, डीकन हॉब्डी. म्हणाले, "उकडतंय म्हणू नका, लोकहो. उद्या पाद्रीबाबा याहून गरम जागेबद्दल बोलणार आहेत."

लुवेनिया एकाहत्तरची. जांभळी हॅट, खणखणीत आवाज. मला मिठीच मारली. "अगं डेल्फीन! तू तर रांगत होतीस!" मी हसले.

कॅपिटलच्या, म्हणजे इथल्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवर तो पितळी तारा आहे ना, गुलामी टिकवायला निघालेल्यांच्या अध्यक्षानं जिथं शपथ घेतली तो— त्यावर ती दोन्ही पाय रोवून उभी राहिली. "काढ फोटो. टाचा नीट येऊ देत." सगळी व्हॅन हसली. मीही. तेवढ्यापुरतं विसरले.

मग खाली कारंज्यापाशी, बसथांब्याच्या पाटीजवळ. इथं मी नेहमी सांगते— बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागायची म्हणून तीनशे एक्क्याऐंशी दिवस आम्हा काळ्यांपैकी एकाही माणसानं बसला पाय लावला नाही, पायी कामाला गेले, उन्हात, पावसात. सांगताना आवाज आपोआप चढतो. आज चढेना.

लुवेनिया जरा लांबच थांबली होती. म्हणाली, "मी इथं उभं राहायला नको खरं तर. त्या वर्षी माझ्या आईनं तो बहिष्कार मोडला ना. बस धरली तिनं."

सगळ्यांचे पंखे थांबले. डीकन म्हणाले, "सिस्टर, किती काळ लोटला त्याला. सोडा आता."

"तुम्ही सोडलं असेल, डीकन. तेव्हा या चर्चमधली एकही बाई आईशी बोलत नव्हती. आमच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. म्हणून तर गेलो आम्ही. आई ब्याण्णवची आहे, अजून गावाचं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवते."

मग माझ्याकडे वळली. "आपल्या आयांची गट्टी होती ना गं? मिस ओझेला कधी काही बोलल्या का?"

आणि मी काय म्हणाले? "थंड चहा घे, बर्फ वितळतोय."

शी!

आई जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात माझं मनगट धरून म्हणाली होती— "त्या दिवशी बसमध्ये मी होते. लोकांनी लुवेनियाच्या आईचं, वर्नेलचं नाव घेतलं, मी गप्प बसले." का चढलीस, विचारलं. तोंड फिरवलं तिनं. पुन्हा बोललीच नाही. आणि मीही मूग गिळून बसले. तिनं चौपन्न वर्षं, मी नऊ. चांगल्या शोभतो मायलेकी!

रविवार, ११ ऑगस्ट

चर्चमध्ये त्या वर्षी बस सोडून पायी चाललेल्यांची यादी वाचली. दर वर्षी वाचतात— नाव आलं की घरच्यांनी उभं राहायचं. आज वाटलं, नाही उभी राहणार. मग "ओझेला ग्रिफिन" ऐकू आलं आणि पाय आपले आपण उठले. सवय मेली!

सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या लुवेनियानं वाजवल्या. तिच्या आईचं नाव यादीत नाही, अर्थात. मला आईची लाज वाटली, आणि आईची लाज वाटली म्हणून स्वतःची.

सोमवार, १२ ऑगस्ट

सांगितलं. विमानतळाच्या दाराशी, गाडी चालूच ठेवून. सगळं सांगितलं.

लुवेनिया समोर बघत राहिली. "नऊ वर्षं तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि शनिवारी मला चहा दिलास."

बॅग उचलली, गेली. मागे वळून पाहिलं नाही. का पाहावं?

तशीच पाद्रीबाबांकडे गेले. म्हटलं, यादीतून आईचं नाव काढा, मिस वर्नेलचं घाला. "सिस्टर डेल्फीन, आधी बसा, पाणी प्या." म्हटलं, पाणी नको, पेन काढा. काढलं बिचाऱ्यांनी. आईच्या नावावर रेघ मारली तेव्हा मीच रडले. नऊ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. आता ब्याण्णवाव्या वर्षी त्या बाईला याचा काय उपयोग?

मंगळवार, १३ ऑगस्ट

फोन नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

जेवून उठले तोच फोन. लुवेनिया नव्हे— मिस वर्नेल! आवाज बारीक, पण शब्द टोकदार. "पाद्रीबाबांकडून कळलं मला. ओझेलाचं नाव आधी परत घाल."

म्हटलं, पण बसमध्ये आईच होती ना.

"ती बसमध्ये एकटी नव्हती. खांद्यावर तू होतीस. आकडी आलेली, ओठ निळे. आपल्या लोकांच्या मोटारी यायच्या न्यायला, त्या दिवशी एकही येईना. ओझेला बसला हात लावेना. पायीच नेते म्हणाली दवाखान्यात, तीन मैल! मीच तिला आत ढकललं. लोकांना दाराशी मी दिसले."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, मिस वर्नेल?"

"सांगितलं असतं तर लोकांनी तिला छळलं असतं. आणि ती जन्मभर तुझ्याकडे बघत बसली असती, हिच्यापायी झालं म्हणून. तिला म्हटलं, गप्प बस. शपथ घातली."

मग त्यांनीच विचारलं, "आकडी परत आली का गं कधी?"

"नाही, मिस वर्नेल."

"मग झालं तर."