इस्त्रीखालचे केस

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे आम्ही दोघी मजेत. तुझा हात कसा आहे? पट्टी रोज बदल. दातांची जखम चिघळते.

तुझी थोरली पोटभर जेवते. कानामागचा फोड फुटला, आता खपली धरली आहे. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं भाजलं?" मी म्हटलं, दुकानातल्या इस्त्रीनं. धरणारा हात कुणाचा, ते तेवढं गाळलं.

आपला जन्म इस्त्रीच्या दुकानात गेला, कबूल. पण पोर म्हणजे शर्टाची कॉलर नव्हे, ताई! टेबलावर तिचं डोकं दाबलंस, कुरळ्या केसांवर ओलं फडकं टाकलंस आणि वरून तापलेली इस्त्री फिरवलीस. ती ऊर फुटेस्तोवर ओरडत होती आणि तुझं आपलं एकच, "हलू नकोस, झिपरी दिसतेस." इस्त्री कानामागे टेकली, तेव्हा ती चावली. रक्त आलं तरी सोडेना. तू मला हाक मारलीस. मी दारातच होते. आले नाही. घाबरले म्हणून नाही. मला बरं वाटलं.

मग मी तिला माझ्याकडे घेऊन आले. इथे आल्या आल्या तिनं कात्री उचलली, सगळे केस कापून टाकायला. झटापटीत माझा तळवा चिरला. मग मी माझा अंबाडा सोडला. ती बघतच राहिली. "मावशी, तुझेपण असेच?" आता आम्ही न्हाऊन ओल्या केसांना बोटांनीच तेल लावतो. कंगवा फेकून दिला. काल शाळेत एकीनं "झिपरी" म्हणत तिचे केस ओढले. हिनं तिला भिंतीवर आपटलं. बाई तक्रार करत होत्या आणि ही फाटक्या बाहीनं, मोकळ्या केसांनी ऐटीत उभी. मी रागावले, पण मनापासून नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवाच्या लग्नासाठी तू चिमीला टेबलावर घेणार, असं भाऊजी फोनवर बोलून गेले. थोरलीनं ऐकलं. धाकट्या बहिणीसाठी तिचा जीव तुटतो, तुला माहीत आहे. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आईला लिही, तिचा दुसरा हात अजून शाबूत आहे."

हे पत्र आजच माणसाहाती पाठवतेय, उद्या आम्ही येतोय. मी तिला आवरणार नाही. इस्त्रीचा प्लग काढून ठेव, चिमीला नुसती न्हाऊ घाल, आणि जमलं तर तूही न्हा. तुझे केस आपले आपण वाळलेले तुझ्या पोरींनी कधी पाहिलेलेच नाहीत.

तुझी,
तुझ्याच केसांची,
धाकटी बहीण