दोन पाळ्यांचा बिछाना

३ नोव्हेंबर २००३

पोहोचलो एकदाचा! लालबागच्या चाळीत आमच्या गावकीची खोली आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. आज तिच्यात माझी ट्रंक येऊन पडली. पूर्वी गिरणीत कामाला आलेली गावची तीसेक माणसं या एका खोलीत राहायची. संप झाला, गिरण्या बसल्या, माणसं गावाला परतली. आता उरलेत ते एकटे कोंडीरामकाका, आणि तेही बाहेर गॅलरीत झोपतात. म्हणजे अख्खी खोली माझी. मुंबईत असलं भाग्य मंत्र्यालाही नसेल.

काकांनी भिंतीकडची जागा आणि एक कापसाचा बिछाना दिला. नियम एकच सांगितला, की उठल्यावर बिछाना गुंडाळून भिंतीला उभा करायचा. पूर्वी एका बिछान्यावर दोघांचा हक्क असे, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच उबेत येऊन आडवा व्हायचा. बिछाना पसरलेला असला म्हणजे जागा दुसऱ्या पाळीसाठी मोकळी; गुंडाळलेला असला म्हणजे बंद. मी हसून विचारलं, आता कुठली पाळी आणि कुठला दुसरा? काका म्हणाले, सवय लावून घेतलेली बरी.

५ नोव्हेंबर

कामावर रुजू झालो. बंद पडलेल्या एका गिरणीतली शेड आमच्या शेठने भाड्याने घेतली आहे. तिथे आम्ही कार्बनच्या कापडापासून एक्स-रेच्या टेबलाच्या फळ्या बनवतो. रोगी ज्यावर झोपतो ती फळी. हलकी, पोलादासारखी ताठ, आणि एक्स-रे तिच्यातून आरपार जातो.

कापड काळंभोर आणि केसासारखं चकचकीत. त्याचे थर एकावर एक ठेवून शिवायचे, म्हणजे ते जागचे हलत नाहीत. हे काम दमयंतीबाईंचं. त्या याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. शिवलेलं कापड मी साच्यात बसवतो, वर प्लास्टिक पसरतो, कडा चिकटपट्टीने बंद करतो आणि पंप लावून आतली हवा ओढतो. प्लास्टिक कापडाला असं घट्ट बसतं की खालचा टाका न् टाका दिसतो. मग एका टोकाने रेझिन आत सोडायचं. ते हळूहळू कापडात भिनत दुसऱ्या टोकाला पोहोचतं आणि कडक होतं. एवढीशी जागा कोरडी राहिली तरी फळी बाद. माझी पहिली फळी बाद झाली नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. भोईवाड्यापर्यंत चालत गेलो, चहा प्यायलो, परत आलो. चहावाल्याशी जेवढं बोललो तेवढंच आजचं बोलणं.

शेडमध्ये सगळे दुपारी डबे उघडून एकत्र बसतात. मला स्वतःहून जाऊन बसायला जमत नाही आणि ते मला बोलवत नाहीत. दमयंतीबाईंनी एकदा नाव विचारलं होतं. लवू म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. माझं काम तेवढं चोख आहे. फळी बघून तरी कुणाला कळावं की ही लवूने केली, एवढीच माझी हाव.

२० नोव्हेंबर

सकाळी उशीर झाला, बिछाना तसाच टाकून पळालो. संध्याकाळी येऊन टेकलो तर बिछाना उबदार. भिंतीकडच्या जागेत ऊन येत नाही. मधोमध माणसाच्या अंगाएवढा खळगाही होता. काकांना विचारलं, दिवसभर दाराला कुलूप होतं म्हणाले.

भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपल्या आधी कुणीतरी इथे पडून गेलं, एवढ्याने खोली भरल्यासारखी वाटली.

२३ नोव्हेंबर

आता मी बिछाना मुद्दाम पसरून जातो. आज उशाशी दोन केळीही ठेवली होती. केळी तशीच राहिली. ऊब मात्र होती.

३० नोव्हेंबर

काकांनी आज सकाळी पसरलेला बिछाना पाहिला. त्यांचा चेहराच उतरला. मला गॅलरीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्या बिछान्यावर संपाच्या वर्षी धोंडू म्हणून आमच्याच गावचा एक विणकर होता. काम बंद होतं तरी खोलीत जागा अपुरी, म्हणून माणसं पाळीपाळीनेच झोपत. धोंडू तापाने पडला. दिवसा झोपणाऱ्यांना वाटलं, हा रात्रीच्या पाळीत उठून फिरून येत असेल. रात्रीच्यांना वाटलं, दिवसा उठत असेल. तीस माणसांच्या खोलीत तो मेला आणि वास सुटेपर्यंत कुणाला कळलं नाही. त्याचा जोडीदार बिछाना न गुंडाळताच गावाला निघून गेला होता.

काका म्हणाले, "त्याची पाळी कुणी संपवलीच नाही, बाबा. तू बिछाना पसरून त्याला जोडीदार दिलास. आणि महिना झाला की पाळ्या उलटतात."

२ डिसेंबर

कालपासून बिछाना गुंडाळून जातो. संध्याकाळी येतो तर पसरलेला. काका शपथेवर सांगतात, की दुपारी तूच आलास आणि तूच पसरलास. मी दुपारी शेडमध्ये होतो. निदान मला तसं वाटतं.

६ डिसेंबर

काल ताप होता. दिवसभर पडून राहिलो. आज शेडमध्ये गेलो तर दमयंतीबाई आपणहून बोलायला आल्या. म्हणाल्या, कालची फळी बघत राहावी अशी झाली, कापडाला असा हात लावणारा माणूस गिरणी बंद झाल्यापासून पाहिला नव्हता. आणि काल डबा खाताना मी गिरणीतल्या गमती सांगून सगळ्यांना हसवलं म्हणे.

मी गिरणी चालू असलेली पाहिलेलीच नाही.

फळी पाहिली. एकही कोरडी जागा नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे.

११ डिसेंबर

गावाला जायला निघालो होतो. पिशवी भरली. जरा टेकलो. डोळे उघडले तेव्हा संध्याकाळ, आणि पिशवी जागेवर रिकामी. दारात कुणीतरी माझ्या चपला काढत होतं.

१२ डिसेंबर

तो आला आणि झोपला. मी उठलो नव्हतो, तरी त्याला अडचण झाली नाही. जागा एकाचीच होती. वजन नाही, नुसती ऊब. मी बोलू लागलो तर घोरू लागला.

१९ डिसेंबर

उठायला जमत नाही. चादर अंगाला बसली आहे. ओढली तर येत नाही, आणखी घट्ट होते. बोटं तेवढी हलतात. वही उशीखाली आहे, म्हणून हे —

सकाळी माझा शर्ट घालून गेला. काकांनी त्याला लवू म्हणून हाक मारली. मी ओ दिली. ऐकू गेली नाही.

२८ डिसेंबर

पाय कडक झाले आहेत. दुखत नाही. कडकपणा वर सरकतो आहे, रोज थोडा. गुडघ्याशी अजून थोडी जागा — तिथे अजून मीच आहे.

खोलीत माणसं येतात आता. शेडमधली. हसतात. माझ्या वेळी कुणी आलं नाही.

७ जानेवारी

दमयंतीबाई आल्या. बिछान्याच्या कडेला बसल्या, माझ्या हातावर. मी हात काढून घेतला नाही. किती दिवसांनी कुणी —

मनात म्हटलं, बाई, तुम्हाला हात ओळखता येतो. खाली बघा. एकदाच.

त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आता कुठे माणसात आलास, लवू. आधी तू होतास की नव्हतास, कळायचंच नाही."

तो हसला. माझ्या तोंडाने.

१६ जानेवारी

दमयंतीबाईंच्या भाच्याकडे भोईवाड्यात जागा आहे. तो तिकडे राहायला जाणार. ट्रंक नेली. माझी.

वही नेली नाही. त्याला लिहिता येत नसावं. की गरज नाही —

१७ जानेवारी

काका आले. एकटेच. दाराशी थांबून हात जोडले. म्हणाले, धोंडूबा, पोरगा सुटला, आता तूही सूट. रडत होते.

काका, मी आहे. लवू. पोरगा मी आहे. तो गेला तो —

बोटंच हलतात. पेन्सिल आपटतो आहे. ऐकत नाहीत. जवळ आले. वाकले. पायाकडची कड उचलली, गुंडाळायला —

काका, एकदा माझं नाव घेऊन —