परवडणारा माइक

२ फेब्रुवारी
ताईचा फोन. महिनाअखेरीस ती शाळेतून निवृत्त होतेय. निरोपसमारंभात तिच्या आवडीचं एक गाणं लावणार आहेत, आणि तिला माझंच हवंय. कॉलेजात असताना मी तिच्यासाठी केलं होतं ते. किती वर्षं रेकॉर्ड करतो म्हणतोयस, आता एकदाचं कर, असं म्हणाली. माझी गिटारही तिनेच घेऊन दिलेली, पहिल्या पगारातून.
२७ तारखेपर्यंत पाठवायचं आहे. भरपूर वेळ आहे.
मोबाइलवर करायचं नाही. ताईसाठी करायचं तर नीट. एक साधा, परवडणारा माइक आणायचा आणि गाऊन मोकळं व्हायचं. उद्याच आणतो.

३ फेब्रुवारी
आणला नाही. आधी थोडा अभ्यास हवा. पंपाच्या कंपनीत तक्रार विभागात बसतो मी, घाईचे परिणाम रोज बघतो. आजच एक गृहस्थ पाणी चढत नाही म्हणून तावातावाने भांडत होते. पंप उलटा बसवला होता! आधी मॅन्युअल वाचा, असं शांतपणे सांगितलं. फोन ठेवून आम्ही सगळे पोट धरून हसलो.
कसली कसली माणसं असतात.

६ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. माइक मुख्यतः दोन प्रकारचे. डायनॅमिक: जवळचंच ऐकतो, घरातला गोंगाट फारसा मनावर घेत नाही. कंडेन्सर: नाजूक, सगळं टिपतो. ही म्हणाली, मग पहिलाच घ्या की, आपल्या घरात काय कमी गोंगाट आहे? बिचारीला बारकावे कळत नाहीत. माझा आवाज बारकाव्यांचा आहे. शिवाय गिटारच्या तारांची झिलई कंडेन्सरमध्येच येते, असं एक दाढीवाला यूट्यूबवर सांगत होता.
कंडेन्सर ठरला. गाण्याचा सराव उद्यापासून.

१० फेब्रुवारी
कंडेन्सरमध्येही दोन जाती. एकाला मधे आणखी एक डबा लागतो, दुसरा सरळ कॉम्प्युटरला जोडता येतो. डब्याने आवाज भारदस्त होतो, पण डबा माइकपेक्षा महाग. दाढीवाला म्हणतो डबा घ्या. टक्कलवाला म्हणतो नको. दोघांचे सगळे व्हिडिओ बघितले. लेक म्हणाली, बाबा, एवढ्या वेळात गाणं शंभरदा म्हणून झालं असतं.
सराव: नाही. घसा राखून ठेवतोय.

१३ फेब्रुवारी
दुकानात गेलो. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला: काय करायचंय? घरी गाणं आणि गिटार, म्हटलं. त्याने लगेच एक माइक पुढे केला. सरळ कॉम्प्युटरला लागतो, तुम्हाला पुरेल, म्हणाला.
इतक्या पटकन सांगतोय म्हणजे नक्की पडून राहिलेला माल. आपण काय दूधखुळे आहोत? विचार करतो म्हणून निघालो.
घरी येऊन ऑनलाइन तोच मागवला. थोडा महाग पडला, पण निर्णय माझा होता.

१७ फेब्रुवारी
आला! काळा, जड, वर जाळी. बघतच राहावं असा. सोबत घडी घातलेला कागद होता, अक्षर मुंगीएवढं. आपल्याला काय गरज? खोक्यात परत ठेवला.
आतल्या खोलीत टेबलावर मांडला. कंपनीचा लोगो दाराकडे केला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. मी पलीकडे खुर्चीत, गिटार मांडीवर. थाट काही औरच.

१८ फेब्रुवारी
पहिलं रेकॉर्डिंग. माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा. गिटार शेजारच्या घरात वाजतेय असं वाटतं. स्वयंपाकघरातला नळ मात्र काय स्वच्छ आलाय! थेंब न् थेंब मोजून घ्या. म्हणजे माइक उत्तम आहे. दोष खोलीचा.

२० फेब्रुवारी
भिंतींना गाद्या टेकवल्या, वर रजया ठोकल्या. एक रजई खिळ्याने टराटरा फाटली. दाराआड गादी आल्यामुळे दार लागत नाही. सगळे सतरंजीवर झोपले. कलेसाठी थोडी थंडी सोसावी लागते, असं मी समजावलं.
आवाज तसाच.

२२ फेब्रुवारी
फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला. चालू करायचा राहिला. दूध नासलं. ही फक्त ‘नाचता येईना’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. अंगणापर्यंत पोचलीच नाही. मनाला लागलं.

२४ फेब्रुवारी
उपाय सापडला: मोठ्याने गायचं. बेंबीच्या देठापासून गायलो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. घरात सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी हिला हळूच बाजूला घेऊन विचारलं.
गाण्याची समज दुर्मिळ झालीय.

२५ फेब्रुवारी
ताईचा फोन. नेहमीसारखी बोलत नव्हती. एक तारखेपासून सकाळी उठून कुठे जायचं रे, म्हणाली. मग म्हणाली, साधं पाठव, कसंही पाठव, पण त्या दिवशी तुझा आवाज तिथे हवा.
महिनाभर आपण माइकच बघत बसलो, असा एक विचार येऊन गेला. वाईट वाटलं. मग वाटलं, टेबलाचाही दोष असू शकतो.

२७ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. संध्याकाळी बसलो. ही दाराबाहेर स्टुलावर बसून फाटलेली रजई शिवत होती. उठवणार होतो, पण तिचा चेहरा बघून बेत रहित केला.
पूर्ण ताकदीने, एका दमात गायलो. दुसऱ्या कडव्यातले शब्द आठवेनात, तिथे आलाप घेतला. ऐकून बघितलं नाही. ऐकलं की शंका येतात. तसंच ताईला पाठवलं.
आयुष्यातलं सर्वोत्तम रेकॉर्डिंग.

२८ फेब्रुवारी
समारंभानंतर ताईचा फोन. सगळे रडले म्हणे. दोनदा लावावं लागलं. मी विनयाने ‘कसचं कसचं’ म्हटलं. तेवढ्यात ती म्हणाली, तुझी बायको काय गाते रे! कधी बोलला नाहीस. फक्त मागे लांबून कुणीतरी सारखं ओरडतंय, खाली भांडण चाललं होतं का?
फाइल लावली. हिचाच आवाज. शिवता शिवता गुणगुणतेय, हळू, सुरात. दहा दिवस ऐकून पाठ झालेलं. दुसऱ्या कडव्याचे शब्दही बरोबर. पार मागे मी. आणि गाणं संपल्यावर, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधी, ती लेकीला सांगतेय: ओरडत नाहीत ना, तेव्हा छान गातात गं.
लेकीने खोक्यातला कागद काढून वाचला. पहिलंच वाक्य: लोगोची बाजू गाणाऱ्याकडे ठेवा, माइक त्याच बाजूने ऐकतो. मग तिने माइक उचलून माझ्याकडे वळवला. लोगो दाराकडे करण्यामागे माझा विचार होता, असं मी सांगितलं. कोणता, ते तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.
ताईला फोन करून खरं काय ते सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, आत्ता म्हण. म्हटलं. मोबाइलवरच, हळू. दुसऱ्या कडव्याला अडलो तेव्हा हिने दारातून शब्द सांगितला. पलीकडून ताईच्या नाक ओढल्याचा आवाज आला.

१ मार्च
ऑफिस. एक बाई फोनवर. पाणी चढत नाही, फार वैतागल्या होत्या. पंप उलटा बसवला होता. बाकीचे हसायला तयार होऊन बसले होते.
होतं असं, म्हटलं मी. घाबरू नका, फक्त फिरवून बसवा.
मॅन्युअल वाचा, असं सांगायचं राहूनच गेलं.