ठरलं होतं तेच

प्रिय धनश्री,

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बाई पत्र लिहिते म्हटल्यावर बाळंतपणात हिचं डोकं फिरलं असं म्हणशील. तसं काही नाही. फोनवर मी गंभीर बोलायला लागले की तू 'राहू दे गं' म्हणून विषय बदलतेस, आणि तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून लिहितेय. राग आला तरी शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चुलीत घाल.

पोरगी बरी आहे. नाक माझं, रंग योगराजचा आणि आवाज सासूबाईंचा. हे त्यांना सांगू नकोस. दिवसभर गुमान झोपते आणि आम्ही आडवे झालो की हिचा दिवस उजाडतो. तू आणलेलं झबलं तिला जरा मोठं होतं, सासूबाईंनी चार टाके घालून बसवलं.

रविवारी तू तिला बघायला आलीस, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. नववा महिना लागलेला, त्यात आमचा जिना. मध्येच थांबून श्वास घेतलास तो मला आतून ऐकू आला. पायात लखनभाऊंच्या चपला होत्या, कारण तुझ्या तुला होईनात. मी पायांकडे बघतेय हे तुला कळलं, तशी साडी खाली ओढलीस आणि उभं राहून राहून सुजतात, त्यात काय एवढं, म्हणालीस. मग पोरीच्या मुठीत पाचशेची नोट ठेवलीस. पहिल्यांदा बाळ बघायला आलेलं माणूस हातावर काहीतरी ठेवतंच, पण एवढी मोठी नोट कोण ठेवतं? मी नको म्हटलं तर तू म्हणालीस, "तुना पगार बंद शे ना, ऱ्हाऊ दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला वाटलं, मैत्रिणीला भरून आलं. भरून आलं नव्हतं धनू, मला लाज वाटत होती.

माझा पगार बंद नाही.

आता मागचं सांगते. मागच्या वर्षी कंपनीत आपल्याला विचारलं होतं ना, ठेकेदाराकडे तासावर राहायचं की कंपनीच्या नावावर यायचं? इच्छापोरला कामावर नेणाऱ्या बसमध्ये आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. तासावर रोकडा जास्त, ओव्हरटाइम वेगळा. कंपनीत पीएफ आणि ईएसआय कापून हातात कमी. तुझं मन कंपनीकडे होतं. आजारपणाचं बघतात म्हणे, असं तू हळूच बोलली होतीस. मीच तुला वेड्यात काढलं. आपण तरण्याताठ्या, आपल्याला कसलं आजारपण? कापलेला पैसा कुणी परत पाहिलाय? माझ्या सासऱ्यांची मिल बंद पडली तेव्हा त्यांच्या हाती काय लागलं? आणि कानबाईच्या सणाला गावी जायचं तर तासावाल्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, मनात आलं की निघाला. देवीचा रोट घरी शिजतोय आणि आपण इथे पडदे दुमडतोय, हे तुला चालेल का, असंही विचारलं. रोटाचं नाव काढल्यावर तू कंपनीचा विषय सोडलास. जिकडे मी तिकडे तू, असं ठरलं. बसमधल्या बायांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या आणि मला फार शहाणी झाल्यासारखं वाटलं.

नावं घालायच्या दिवशी नंबर आधी माझा लागला. आतल्या मॅडमनी एवढंच विचारलं की लग्न कधी झालं. मी सांगितलं. तर त्या म्हणाल्या, आज ना उद्या मूल होईल, तेव्हा सहा महिने घरी बसून पूर्ण पगाराएवढे पैसे मिळतील आणि बाळंतपण फुकट. तासावाल्याला काम नाही तर दाम नाही. त्या पाच मिनिटांत माझं सगळं बसमधलं शहाणपण गळालं आणि मी कंपनीत नाव घातलं.

बाहेर आले तर तू दारातच उभी. "काय सांगं तू?" असं विचारलंस. मागे सगळ्या बाया रांगेत. आठवडाभर ज्यांना शिकवत होते त्यांच्यासमोर थुंकलेलं कसं गिळू? मी म्हटलं, "ठरेल व्हतं तेच." तू मान हलवलीस, आत गेलीस आणि तासावर राहिलीस.

मला वाटलं, घरी जाताना सांगेन. मग वाटलं, पगार झाल्यावर सांगेन. पगार झाला तेव्हा तू खुशीत होतीस, जाताना दोघींना खायला गरम लोचो घेतलास. माझ्या हातात कमी आले होते. गुरुवारचा उपास मी तेव्हापासून धरला. तू मला भक्तीण म्हणून चिडवायचीस, पण त्यात देव कुठे नव्हता गं, नाश्त्याचे पैसे वाचत होते. पुढे मला दिवस गेले, मी सुट्टी घेतली, तर तुला सांगितलं की सासूबाई ऐकत नाहीत, म्हणून बिनपगारी घरी बसते. बाळंत ईएसआयच्या दवाखान्यात झाले, तुला नुसतं सरकारी म्हटलं. एका खोट्याला किती ठिगळं लावली बघ.

परवा मी मॅडमना फोन केला. धनश्रीचं नाव आता घातलं तर तिला मिळेल का, म्हणून. या बाळंतपणाला नाही मिळणार म्हणाल्या, आधी काही महिने कापलेले असावे लागतात. तरी तू नाव घाल, पुढे उपयोगी पडेल. पण हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझं ऐकूनच तर तुझं नुकसान झालं. तुला खरं सांगितलं असतं तर तू माझ्या मागोमाग तिथेच सही केली असतीस आणि आज पाय वर करून घरी बसली असतीस.

आणि रविवारी जाता जाता तू सहज बोलल्यासारखं म्हणालीस की बाळंत झाल्यावर महिन्याभरात कामावर जाणार. लखनभाऊंच्या लूमच्या खात्यात काम कमी झालंय, दोघांनी घरी बसून चालणार नाही. बाळाला गावी तुझ्या सासूकडे ठेवणार, ती वरचं दूध पाजेल. हसत सांगितलंस, पण पोटावरचा हात काढला नाहीस. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे. बाळ गावी पाठवू नकोस. मला अजून चार महिने घरी बसायचं आहे, आणि ते बसणं निम्मं तुझं आहे. मला दूध पुष्कळ आहे, दोघांना पाजेन. सासूबाईंना सगळं खरं सांगून विचारलं. आधी मला चार शिव्या घातल्या, मग म्हणाल्या, एक काय नि दोन काय, पाळणा तोच हलवायचा. चार महिन्यांनंतर मी कामावर गेले की दोघांना त्या बघतील. तू माझ्यावर चिडशील, अबोला धरशील, तो तुझा हक्क आहे. बोलू नकोस माझ्याशी. पण सकाळी बसच्या आधी ये, बाळ माझ्या मांडीवर ठेव आणि जा. संध्याकाळी येऊन घेऊन जा.

तुझी, तू म्हणशील तेवढीच,
वर्षा