शक्यतो प्रेम करीन

आदरणीय भावोजींना धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली तो फक्त पत्रातच घालता येतो. प्रत्यक्षात कमरेतून वाकतो, तेवढ्यावर भागवून घ्या.)

खोकला कसा आहे? जेवणाचं काय करता? ताईला लग्नाच्या तयारीसाठी इकडे येऊन आठ दिवस झाले आणि तुम्ही तिकडे रुसून एकटेच बसला आहात, तेव्हा मिठाचा डबा एव्हाना सापडला असेल अशी आशा आहे. (नसेल तर ताई म्हणते, खिडकीतला निळा.) हे पत्र तुमचं मन वळवायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. देवाला न बोलावता लागणाऱ्या लग्नाला मी येणार नाही, असं तुम्ही म्हणालात. मग ते तुमच्याशिवाय लागेल, असं तुमची एकुलती एक लेक, आपली मुंगी, म्हणाली. झालं, विषय संपला. हट्टीपणात मुंगी कोणावर गेली आहे याचा शोध घ्यायला मला भिंग लागत नाही. मी आपली इकडची हकीकत कळवतो आहे, इतकंच.

तर हे लग्न लावण्याचं काम माझ्याकडे आलं. मुंगी देव मानत नाही, तिचा तो लिफ्ट दुरुस्त करणारा होणारा नवरा मानत नाही, आणि मी तर कॉलेजपासून मानत नाही (तुम्ही पहिल्याच भेटीत मला विचारलं होतंत, मग रात्री झोपताना कोणाचं नाव घेतोस? मी म्हटलं होतं, डासांचं). साक्षीला माणसं बोलवायची, त्यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना वचनं द्यायची, सह्या करायच्या, चहा प्यायचा. यावर तुमचा मुद्दा असा, की वर बघणारा कोणी नसेल तर खोटं बोलायला भीती कोणाची? भावोजी, मी तीस वर्षं बाजारातले वजनकाटे तपासले. डोक्यावर देवाची तसबीर आणि पारड्याखाली चुंबक, अशी दुकानं मी पाहिली आहेत. (खरं बोलायचं तर तसबीर नसलेल्या दुकानातही चुंबक सापडायचं. चुंबकाला श्रद्धेशी काही देणंघेणं नसतं.) माझं म्हणणं उलटं आहे. वर माफ करणारा कोणी नसेल तर खोटं बोलणं फार महाग पडतं, कारण जिच्याशी खोटं बोललो तिच्याकडेच माफी मागायला जावं लागतं.

आता इथपर्यंत माझं बरोबरच होतं. पुढे मात्र माती खाल्ली. वजनमापे खात्यातली खोड म्हणा, मी दोघांकडून वचनांचा कच्चा मसुदा मागवला आणि लाल पेन घेऊन तपासायला बसलो. मुलाने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तुला कधीही दुखावणार नाही. मी विचारलं, परवा बसमधून उतरताना तिच्या पायावर पाय कोणी दिला? ओळ गेली. सदैव आनंदी ठेवीन, हे कोणत्या मापाने मोजणार? गेली. जन्मोजन्मी हा शब्द मुंगीनेच खोडला. अशी दोन पानांची वचनं पाच ओळींवर आली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. शेवटची ओळ होती, मी तुझ्यावर आयुष्यभर प्रेम करीन. ती मला खोडवेना. पण भावोजी, चांगल्यातल्या चांगल्या काट्यालासुद्धा थोडी कमीजास्त सूट द्यावीच लागते. म्हणून मी प्रामाणिकपणाच्या भरात त्या ओळीत एक शब्द घातला.

गेल्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली. (रविवारी वाचनालय बंद असतं, म्हणून ग्रंथपालबाईंनी हॉल दिला. 'शांतता राखा'ची पाटी मात्र काढू देत नाहीत. लग्न तिच्याखालीच लागेल, म्हणजे भाषणं तरी आटोपशीर होतील.) मुलगा उभा राहिला, घसा खाकरला आणि चाळीस रिकाम्या खुर्च्यांसमोर माझ्या लेखी हुकुमाप्रमाणे स्वच्छ आवाजात वाचता झाला, "मी शक्यतो तुझ्यावर आयुष्यभर प्रेम करीन." मुंगीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि निघून गेली. मी मागून ओरडलो, अगं, त्यात सूट धरली आहे. त्यामुळे ती परत येण्याऐवजी आणखी भराभर चालू लागली. पोरगा कागद हातात धरून तसाच उभा. तीन दिवस बोलणं बंद. मुलीचं लग्न देवाशिवाय होणार म्हणून तुम्ही तिकडे हळहळत होता, आणि इकडे ते नवऱ्याशिवाय व्हायची वेळ मी आणली होती.

ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. लहानपणापासून ती मला तिथेच बोलावते, कारण लाटणं हाताशी असतं. भरपूर ऐकवलं. ते सगळं लिहीत नाही, एकच वाक्य लिहितो, कारण त्याने माझी तीस वर्षांची नोकरी पुसली गेली. ती म्हणाली, "अरे शहाण्या, पारड्यात जे अजून पडलंच नाही, ते तू तोलतोस कसं?" मला लाज वाटली, भावोजी, अगदी मनापासून वाटली. दुसऱ्या दिवशी मी मुलाकडे माफी मागायला गेलो तर तो घरी नव्हता. दुपारी मुंगीची ड्यूटी सुटायच्या वेळी तो हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिला होता. तिला म्हणाला, लिफ्ट कधीच बंद पडणार नाही असं मी कोणालाही लिहून देत नाही. बंद पडली तर मी येतो, एवढं लिहून देतो, तुलाही तेच देतो. मुंगी म्हणाली, ही ओळ कागदात घाल, आणि मामाला दाखवू नकोस.

म्हणजे लग्न ठरल्याप्रमाणे होतंय. आता जाता जाता एक सांगतो. माझा गुडघा मोडला तेव्हा तुम्ही प्रार्थना केलीच असणार, मला कधी बोलला नाहीत. पण प्रार्थना करून घरी बसला नाहीत. अकरा दिवस त्या लोखंडी स्टुलावर बसून राहिलात, मला कुशीवर वळवलंत, भांडं दिलंत आणि नर्सला सांगितलंत की पेशंट नास्तिक आहे, पण स्वभावाने बरा आहे. माणसाने माणसासाठी यावं, यापलीकडे माझा कुठलाच धर्म नाही, आणि तो मी पुस्तकातून नाही शिकलो, तुमच्याकडे बघून शिकलो. यावर वाद घालायचा असेल तर घाला, मी हरणार नाही.

खोकल्याला जपा. लोभ आहेच, तो असाच धुसफुसत राहू द्या.

तुमचा (वाद सोडून सर्व बाबतींत) आज्ञाधारक
मेहुणा

ता. क. ताईने पत्र वाचलं. तिचा निरोप काही नाही. फक्त तुमचा चांगला कोट ती येतानाच बॅगेत घालून घेऊन आली होती, असं आज कपाट उघडल्यावर कळलं.

ता. क. २. हे तुम्हाला कळवतोय ते मुंगीला ठाऊक नाही. काल साक्षीदारांचा कागद तयार केला. पहिल्या ओळीत तिने लिहिलं, माझे बाबा. मी म्हटलं, ते येणार याला पुरावा काय? ती म्हणाली, "काही नाही, मामा. तरी राहू दे." तिचे डोळे भरले होते. मग मी कागदाच्या तळाशी 'वरील सर्व साक्षीदार हजर' असं लिहून सही करून टाकली. तीस वर्षांत न तपासता केलेली माझी ही पहिलीच सही. रविवारी सकाळी अकरा वाजता, वाचनालयाचा हॉल. भावोजी, मला खोटं पाडू नका.