बाबांचं ऑम्लेट आणि माझा मेटाबॉलिझम

३ जानेवारी, सकाळ
आजपासून नाश्ता बंद. व्हिडिओतला ट्रेनर म्हणतो, सकाळी उपाशी राहिलं की मेटाबॉलिझम भट्टीसारखा पेटतो. चोविसाव्या वर्षी पोट सुटणं शोभत नाही. बाबांना सांगितलं. त्यांचं ऑम्लेट करून झालं होतं, कडेने करपलेलं. म्हणाले, राहू दे, मी खातो. आई गेल्यापासून ते स्वयंपाकघरात लुडबुड करतात. माझ्या निर्णयाचा आणि आईचा काही संबंध नाही. लिहून ठेवलेलं बरं.

९ जानेवारी
वजन उतरलं. जोर आला. दुपारचं जेवणही निम्म्यावर आणलं. काचेच्या दुकानात कामावर मिस्त्रींनी विचारलं, तोंड का उतरलंय. चेहरा रेखीव झालाय, त्यांना फरक कळत नाही.

२१ जानेवारी
वजन जागचं हलायला तयार नाही. म्हणजे अजून खाणं जास्तच होतंय. रात्रीचंही कमी करायचं. बाबा रोज सकाळी दोन ताटल्या मांडून बसतात. आज त्यांना मेटाबॉलिझम सविस्तर समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आईसमोर हे कधी बोलला नाहीस ते? उत्तर होतं, पण उशीर होत होता.
मुळात त्या टेबलाशी सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं. पूर्वी यायचं नाही. आई खिडकीकडे पाठ करून बसायची.

४ फेब्रुवारी
बोटं गार पडतात. दोन स्वेटर घालून काच कापली. बाकीचे अर्ध्या बाह्यांत होते. त्यांची कातडीच जाड.

१६ फेब्रुवारी
शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातला आरसा पडून फुटला. मिस्त्रींनी खाली बसवून साखरपाणी पाजलं. म्हणाले, "आरसा दुसरा आणू. तू पडला असतास तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं मी?"
शिडी बंद. आता बसून काचांच्या कडा घासायच्या. जबाबदारीचं काम आहे.

१८ फेब्रुवारी
बाबांनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नाश्ता टाळून सगळ्यांचंच बिघडतं असं नाही, पण तुम्ही दिवसभराचंच खाणं तोडलंत. जळण कमी पडलं की शरीर चूल मंद करतं. म्हणून थंडी, म्हणून थकवा, म्हणून नाडी सावकाश. चरबीबरोबर दंडांचं मांसही गेलं.
मी म्हणालो, म्हणजे शरीर काटकसरी झालं. त्यांचं लक्ष बाबांच्या पट्ट्याकडे गेलं होतं. त्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं. माझ्या नजरेस कधी पडलं नव्हतं.
"तुम्ही सकाळी काय खाता?" त्यांनी विचारलं.
"एकट्याच्या घशाखाली उतरत नाही हो," बाबा म्हणाले.
मी विचारलं, मग ती ऑम्लेटं?
शेजारच्या कुत्र्याला.

२० फेब्रुवारी
उद्यापासून बाबांबरोबर नाश्ता. पक्कं.

२१ फेब्रुवारी
डोळा लागला. बाबांनी दारावर टकटक केली होती म्हणे. उद्या.

१ मार्च
आत्या येऊन बाबांना घेऊन गेली. म्हणाली, "आमच्याकडे निदान सकाळी समोर कोणी बसेल." मी अडवलं नाही. हवापालट होईल, महिन्याभरात येतील. तोवर मी रुळावर येतो आणि त्यांना चकित करतो. निघताना त्यांनी फक्त सांगितलं, अंडी आणून ठेवलीत.

९ मार्च, सकाळ
आत्याकडे फोन केला. मागून भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, दादा आता बरं खातोय, काल मागून घेतलं. मग बाबा आले. काय म्हणतोस, विचारलं.
नाश्ता सुरू केल्याचं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "आईची आठवण येते."
दार लोटल्याचा आवाज आला, मागचं हसणं बारीक झालं.
"मलाही येते," म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर दोन ताटल्या मांडून बसायचो रे."
त्यांचा चहा गार होत असेल म्हणून मीच फोन ठेवला.
अजून काही खाल्लेलं नाही. भूक नाही.